वजीर नव्हे, हत्ती

बुद्धिबळाचा डाव संपत आला की पटावर फारसे काही उरत नाही. ज्या कोड्याची ही हकीकत आहे, त्यात तर अवघी चार मोहरी आहेत. पांढऱ्याचा राजा आणि एक प्यादे, काळ्याचा राजा आणि एक हत्ती. शाळेतल्या मुलालाही ती मोजता येतील. तथापि या चार मोहऱ्यांनी १८९५ साली एका जाणत्या खेळाडूला चकविले. त्यांच्यामुळे एका अप्रसिद्ध धर्मगुरूचे नाव बुद्धिबळाच्या इतिहासात कायमचे कोरले गेले. आणि विचार कसा करावा याचा जो धडा त्यांतून मिळाला, तो पटापुरता मर्यादित राहिला नाही.

कथेचा आरंभ लंडनमध्ये होतो. १८७५ साली तेथे फेंटन आणि पॉटर या दोन खेळाडूंमध्ये एक डाव झाला. विल्यम नॉरवुड पॉटर हा त्या काळच्या इंग्लंडमधील नामांकित खेळाडू होता. डावाच्या अखेरीस एका बाजूला प्यादे आणि दुसऱ्या बाजूला हत्ती उरला, आणि दोघांनीही बरोबरी मान्य करून हात मिळविले. पांढऱ्याला तो डाव जिंकता आला असता, हे योहानेस झुकेरटोर्ट याने त्याच वर्षी एका बुद्धिबळ मासिकात दाखवून दिले. प्रकरण तेवढ्यावर मिटले आणि लोक ते विसरलेही.

वीस वर्षांनी, १८९५ च्या मार्च महिन्यात पॉटर निवर्तला. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातून निघणाऱ्या 'वीकली सिटिझन' या साप्ताहिकात जॉर्जेस बार्बिये हे बुद्धिबळाचे सदर चालवीत असत. बार्बिये हे काही नवशिके नव्हते. १८८६ साली स्कॉटलंडचे अजिंक्यपद त्यांनी मिळविले होते. दिवंगत खेळाडूची आठवण म्हणून त्यांनी २७ एप्रिलच्या अंकात त्या जुन्या डावाचा शेवट छापला. परंतु तो छापताना त्यांनी स्मरणशक्तीवर भिस्त ठेवली, आणि स्मरणशक्तीने दगा दिला. प्रत्यक्ष डावात जी मांडणी कधी आलीच नव्हती, ती त्यांनी वाचकांपुढे ठेवली. चुकीच्या आठवणीतून एखादी मोलाची वस्तू जन्माला यावी, असे इतिहासात क्वचितच घडते. येथे ते घडले.

प्रथम दिलेले कोडे सोपे होते. त्यात काळा राजा लढाईच्या जागेपासून दूर होता, आणि पांढऱ्याला वजीर करून जिंकता येत होते. उत्तर देताना मात्र बार्बियेंना एक नवी कल्पना सुचली. काळा राजा उचलून पटाच्या कोपऱ्यात ठेवला तर काळ्याला डाव वाचविता येईल, असे त्यांना वाटले. 'काळ्याने खेळून बरोबरी साधावी' असे नवे कोडे त्यांनी घातले आणि पुढच्या अंकात त्याचे उत्तरही दिले. ते उत्तर इतके सुंदर होते की त्यात काही उणे असेल, अशी शंका कोणाला येऊ नये.

हे उत्तर समजून घ्यावयाचे तर पट समोर मांडलेला बरा. पांढऱ्याच्या बाजूने बसून उभ्या ओळींना डावीकडून अ, ब, क, ड अशी नावे द्यावीत आणि घरे आपल्याकडून वर मोजावीत. पांढरा राजा ब-६ या घरात, पांढरे प्यादे क-६ मध्ये, काळा हत्ती ड-५ मध्ये आणि काळा राजा अ-१ या कोपऱ्यात ठेवावा. खेळी पांढऱ्याची आहे आणि त्याने जिंकावयाचे आहे. कोडे या स्वरूपात पुढे जगभर पसरले ते इमॅन्युएल लास्करमुळे. तो जगज्जेता असताना, १९०२ साली, अमेरिकेतील एका वृत्तपत्रात त्याने ते असे मांडले होते.

पांढऱ्याची पहिली खेळी उघड आहे. प्यादे क-७ मध्ये जाते आणि आणखी एका पावलाने वजीर होऊ पाहते. आता काळ्याच्या जागी बसून विचार करावा. हत्ती ड-८ मध्ये आडवा गेला तर प्यादे त्याला मारूनच वजीर होते. क-५ मध्ये गेला तर राजा त्याला मारतो. ड-१ पर्यंत खाली गेला तर पांढऱ्याचा वजीर निर्वेधपणे होतो, आणि एकट्या हत्तीविरुद्ध वजीर असलेला डाव जाणता खेळाडू जिंकतोच. तेव्हा काळ्याला शह देण्यावाचून गत्यंतर नाही. हत्ती ड-६ मध्ये येऊन शह देतो.

आता कोड्याचे खरे मर्म सुरू होते. पांढऱ्या राजाला जाण्यासाठी पाच घरे मोकळी आहेत. उतावळा खेळाडू त्यांपैकी जे प्रथम डोळ्यांत भरेल ते धरतो. विवेकी खेळाडू पाचही घरांची झडती घेतो. अ-७ किंवा ब-७ मध्ये राजा गेला, तर हत्ती ड-७ मध्ये येतो. मग प्यादे राजा आणि हत्ती यांच्यामध्ये अडकून पडते, त्याला हलता येत नाही, आणि विजय हातचा जातो. अ-५ मध्ये गेला, तर हत्ती क-६ मध्ये शिरून प्याद्याच्या पाठीमागून त्याचा फडशा पाडतो. क-५ मध्ये गेला, तर हत्ती शह न देता मुकाट्याने ड-१ मध्ये जातो. आता प्याद्याचा वजीर केला की हत्ती क-१ मध्ये येऊन राजाला शह देतो, राजाला ओळ सोडावी लागते, आणि मागे उघडा पडलेला वजीर हत्तीच्या तोंडी जातो. अशा रीतीने चार घरे बाद झाली. उरले एकच: ब-५.

हत्ती ड-५ मध्ये येऊन पुन्हा शह देतो आणि हाच हिशेब पुन्हा करावा लागतो. अ ओळीत गेले तर हत्ती प्याद्यामागे येतो. क ओळीत गेले तर मघाचा पाठीमागचा घाव बसतो. वर ब-६ मध्ये परतले तर सारे पहिल्यासारखेच होते. म्हणून राजाने ब ओळ न सोडता एकेक पायरी खाली उतरावे, हेच खरे. ब-४ मध्ये तो येतो, हत्ती ड-४ मध्ये शह देतो. ब-३ मध्ये येतो, हत्ती ड-३ मध्ये शह देतो. आता राजा क-२ मध्ये सरकतो. क ओळीत येण्याची हीच ती योग्य वेळ. कारण येथून तो ड-३ मधील हत्तीवर चालून गेला आहे, आणि ड-१ व क-१ ही दोन्ही घरे त्याच्या पहाऱ्याखाली आहेत. हत्तीची पाठीमागून वार करण्याची वाट बंद झाली.

काळ्याचा डाव संपला असे येथे वाटते. परंतु हत्तीकडे एक शेवटची क्लृप्ती आहे. तो ड-४ मध्ये जाऊन उभा राहतो. शह नाही, मारामार नाही. वरवर पाहता ही निराशेची खेळी दिसते. पांढऱ्याने आनंदाने प्याद्याचा वजीर केला, की हत्ती क-४ मध्ये उडी घेऊन शह देतो. वजीराने त्याला मारलेच पाहिजे. न मारावे तर वजीरच जातो. आणि मारल्याबरोबर असे दिसते की कोपऱ्यातल्या काळ्या राजाला शह तर नाही, पण हलावयास एकही घर उरलेले नाही. अ-२ वर वजीराची तिरपी नजर आहे. ब-१ आणि ब-२ वर राजाची. यालाच स्टेलमेट म्हणतात. खेळी नाही, शह नाही, म्हणून डाव बरोबरीचा. बार्बियेंनी छापलेले उत्तर ते हेच. हत्तीने स्वतःचे बलिदान करून राजाला कोंडून घ्यावे आणि त्या कोंडीतच त्याचे रक्षण व्हावे, ही कल्पना पाहून कोणाचेही मन प्रसन्न व्हावे.

त्या वेळी ग्लासगोमध्ये फादर फर्नांडो सावेद्रा नावाचे एक स्पॅनिश धर्मगुरू राहत होते. त्यांचा जन्म १८४९ चा. खेळाडू म्हणून त्यांची फारशी ख्याती नव्हती. मोठ्या सामन्यांच्या नोंदींत त्यांचे नाव शोधूनही सापडावयाचे नाही. परंतु छापलेले उत्तर सुंदर आहे म्हणून ते खरेही असले पाहिजे, असे त्यांनी धरून चालले नाही. जेथे साऱ्यांनी 'प्याद्याचा वजीर' असे म्हणून पान उलटले, तेथे ते थांबले. प्याद्याला वजीरच झाले पाहिजे, असा नियम कोठे आहे? ते हत्ती, उंट किंवा घोडाही होऊ शकते. उंटाने वा घोड्याने येथे काही साधणार नाही हे उघड आहे. पण हत्ती केला तर?

हत्ती केला तर सारे चित्र पालटते. काळ्याने पूर्वीप्रमाणे क-४ मध्ये शह देऊन बलिदान केले, तर पांढरा हत्ती त्याला मारतो; परंतु वजीराची तिरपी नजर आता नाही, म्हणून काळ्या राजाला अ-२ हे घर मोकळे राहते. कोंडी होत नाही, बरोबरी होत नाही, आणि काळ्याजवळ राजाशिवाय काही उरत नाही. उलट नवा हत्ती क-८ वरून अ-८ मध्ये जाऊन मात करण्याचा धाक घालीत उभा आहे. ती मात टाळण्यासाठी काळ्याच्या हत्तीला अ-४ मध्ये जावे लागते. मग पांढरा राजा शांतपणे ब-३ मध्ये येतो. एकाच पावलात त्याने दोन कामे केली: काळ्या हत्तीवर चाल केली, आणि क-१ मध्ये स्वतःच्या हत्तीने मात करण्याची वाट मोकळी केली. काळ्याला एकाच खेळीत दोन्ही संकटे टाळता येत नाहीत. हत्ती वाचवावा तर राजा मरतो, राजा वाचवावा तर हत्ती जातो. दोन्ही बाजूंना एकेक हत्ती, म्हणजे बळ समसमान. आणि तरीही डाव पांढऱ्याचा.

फादर सावेद्रांनी ही खेळी बार्बियेंना कळविली आणि मे महिना संपण्यापूर्वी ती त्याच सदरात प्रसिद्ध झाली. या घटनेत दोन माणसांचा मोठेपणा आहे, हे विसरून चालणार नाही. एकाचा मोठेपणा असा की त्याने जाणत्याच्या निर्णयापुढेही आपली शंका सोडली नाही. दुसऱ्याचा असा की एका हौशी वाचकाने आपली चूक दाखविली असता, जो स्तंभ सर्वस्वी त्याच्या हाती होता, त्याच स्तंभात त्याने ती कबूल केली आणि दुरुस्तीचे श्रेय ज्याचे त्याला दिले. बार्बियेंनी ते पत्र दडपले असते, तर कदाचित कोणाला काही कळलेही नसते. आज ही मांडणी जगभर सावेद्रांच्या नावाने ओळखली जाते. फेंटन, पॉटर आणि बार्बिये यांची नावे तिच्या अनुषंगानेच येतात. फादर सावेद्रा १९२२ साली वारले. एका खेळीने एवढे नाव दुसऱ्या कोणाला क्वचितच मिळाले असेल.

हे कोडे ज्या दोन नियमांवर उभे आहे, त्यांचा इतिहासही मनोरंजक आहे. आपल्या देशातून हा खेळ इराणात आणि तेथून अरबांकडे गेला. अरबांच्या शतरंजमध्ये प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की त्याचा फक्त वजीर होई, आणि तो वजीरही एकच घर तिरपा चालणारा, दुर्बळ असे. शिवाय प्रतिपक्षाच्या राजाची कोंडी करणे हा त्या खेळात विजयच मानला जाई. उलट सतराव्या आणि अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये अशी विचित्र रूढी होती की जो कोंडी करील तो डाव हरला. कोंडी म्हणजे बरोबरी, हा नियम तेथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्थिरावला. आपल्याकडील जुन्या देशी पद्धतीत तर प्यादे ज्या घरात पोहोचेल, त्या घरच्या मोहऱ्याचे रूप घेई. म्हणजे वाड्याच्या सोप्यावर देशी नियमांनी खेळणाऱ्या आजोबांपुढे हा पट मांडला असता, तर क ओळीतले प्यादे ना वजीर झाले असते ना हत्ती. ते उंट झाले असते, आणि कोडेच उरले नसते. देशी आणि युरोपीय या दोन पद्धतींची गाठ मुंबईत फार लवकर पडली होती. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी मूळ संस्कृतावरून केलेले, युरोपीय पद्धतीला अनुसरून मांडलेल्या निवडक डावस्थितींचे इंग्रजी पुस्तक १८१४ सालीच तेथे छापले गेले. पटावर कोडी मांडून बुद्धीला व्यायाम द्यावा, ही आवड आपल्या लोकांना नवी नव्हती.

सावेद्रांनी जे केले, त्याला पुढे शास्त्राचे रूप आले. सोव्हिएत ग्रँडमास्टर अलेक्झांडर कोटोव्ह याने आपल्या पुस्तकात, जे १९७१ साली इंग्रजीत आले, विचार करण्याची एक शिस्त सांगितली. खेळी करण्यापूर्वी विचारात घेण्याजोग्या सर्व खेळ्यांची प्रथम मनाशी यादी करावी. या खेळ्या म्हणजे जणू निवडणुकीतील उमेदवार. प्रत्येकीतून फुटणाऱ्या फांद्या झाडासारख्या मनापुढे आणाव्यात, प्रत्येक फांदीवरून एकदाच जावे, आणि मगच निवड करावी. यादी पुरी होण्यापूर्वी एकाच उमेदवाराच्या मागे लागणारा खेळाडू घोटाळ्यात पडतो, असे त्याचे सांगणे होते.

या शिस्तीला दुसरी बाजूही आहे. हॉलंडमधील मानसशास्त्रज्ञ आणि खेळाडू आद्रियान डी ग्रूट याने थोर आणि सामान्य खेळाडूंपुढे तेच पट मांडले आणि त्यांना विचार मोठ्याने बोलून दाखविण्यास सांगितले. त्याचा ग्रंथ १९४६ साली डच भाषेत आणि १९६५ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. थोर खेळाडू पुष्कळ अधिक खेळ्या तपासतात किंवा पुष्कळ अधिक खोल पाहतात, अशी जी समजूत होती, ती त्यात टिकली नाही. दोघेही सुमारे सारख्याच खेळ्या तपासत होते. परंतु थोर खेळाडूच्या यादीत योग्य खेळी आधीपासूनच असे. म्हणजे खरा प्रश्न यादी तपासण्याचा तितकासा नाही; यादीत काय येते, याचा आहे.

बार्बियेंचे नेमके तेथेच चुकले. त्यांचा हिशेब चुकला नव्हता. वजीर केल्यास बरोबरी होते, हे त्यांचे म्हणणे आजही खरे आहे. हत्ती करण्याची खेळी त्यांच्या यादीतच नव्हती. प्याद्याचा वजीर होतो, ही इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट की ती निवड आहे, हेच मनाला जाणवत नाही. सवय जेथे निवडीची जागा घेते, तेथे हुशार माणूसही आंधळा होतो. न्यायाधीश, वैद्य, शिक्षक, घरातील कर्ता पुरुष, सर्वांनाच हे लागू आहे. वर्गात एखाद्या मुलाने वेगळ्या रीतीने गणित सोडविले की ते चुकले असे धरून चालणाऱ्या गुरुजींचे आणि बार्बियेंचे दुखणे एकच. फरक एवढाच की बार्बियेंनी पत्र पुरते वाचले.

आता तर यंत्रांनी सात मोहऱ्यांपर्यंतच्या सर्व मांडण्यांची कोष्टके तयार केली आहेत, आणि चार मोहऱ्यांचे उत्तर क्षणार्धात मिळते. त्या कोष्टकांतही फादरांची खेळी अचूकच ठरते. परंतु यंत्राला वजीराचा मोह नाही. म्हणून त्याच्या उत्तरात विजयही नाही. माणसाला तो मोह असतो. मोठे पद समोर उभे असता, काम ज्याने होईल ते लहान पद निवडावे, एवढाच या कोड्याचा अर्थ आहे. एका साप्ताहिकाच्या कोपऱ्यात छापलेला पट पाहून 'आणखी काय करता येईल?' असा प्रश्न फादर सावेद्रांनी स्वतःला एकदा अधिक विचारला. बाकीच्या वाचकांजवळ डोळे होते, पटही तोच होता. तो एक प्रश्न तेवढा विचारावयाचा राहिला होता.